फ्लेमिश भाषेचा कैवारी : हेंड्रिक कॉन्सिआन्स

युरोपच्या नकाशावर बेल्जियम हा देश चटकन नजरेत भरत नाही. उत्तरेस हॉलंड, पूर्वेस जर्मनी, दक्षिणेस फ्रान्स आणि वायव्येस उत्तर समुद्र अशा कोंदणात बसलेला हा चिमुकला देश १८३० साली स्वतंत्र झाला. आकाराने तो लहान असला, तरी भाषेच्या दृष्टीने एकजिनसी नाही. त्याच्या मधून पूर्वपश्चिम अशी एक भाषिक रेषा गेलेली आहे. तिच्या दक्षिणेकडील वॅलून लोकांची भाषा फ्रेंच. उत्तरेकडील फ्लेमिश लोकांची भाषा म्हणजे हॉलंडमधील डच भाषेचेच दक्षिणी रूप. या उत्तर भागातील अँटवर्प शहरात एका जुन्या ग्रंथालयासमोरील चौकात एका लेखकाचा पुतळा आहे. चौकाला त्याचेच नाव आहे, आणि २००८ सालापासून त्या ग्रंथालयालाही त्याचेच नाव मिळाले आहे. हेंड्रिक कॉन्सिआन्स हा तो लेखक. ‘याने आपल्या लोकांना वाचायला शिकविले’ असे त्याच्याविषयी फ्लेमिश लोक म्हणतात. शिक्षणाधिकाऱ्याला किंवा शाळा काढणाऱ्या दानशूराला शोभावा असा हा गौरव एका कादंबरीकाराच्या वाट्याला कसा आला, हे समजण्यासाठी त्याच्या भाषेची तत्कालीन अवस्था प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

ही भाषा काही कालपरवाची नव्हती. मध्ययुगात ब्रुग्ज आणि घेंट ही शहरे लोकरी कापडाच्या व्यापारामुळे वैभवाला पोहोचली, तेव्हा याच भाषेत तेथील कवींनी काव्ये रचली. सोळाव्या शतकात अँटवर्प हे मुद्रणाचे युरोपातील एक मोठे केंद्र होते. परंतु १५८५ साली स्पॅनिश सैन्याने ते शहर जिंकले आणि तेथील व्यापारी, विद्वान व कारागीर यांपैकी अनेकांनी उत्तरेची, म्हणजे हॉलंडची, वाट धरली. भाषेचा वाङ्मयीन संसारही त्यांच्याबरोबर उत्तरेकडे गेला. मागे राहिलेल्या प्रदेशावर आधी स्पॅनिश, मग ऑस्ट्रियन राजवट आली. वरिष्ठ वर्गाने हळूहळू फ्रेंच भाषा आपलीशी केली. १७९५ साली हा मुलूख फ्रान्सला जोडला गेला, तेव्हा तर राज्यकारभारातून फ्लेमिशला जवळजवळ हद्दपारच करण्यात आले. १८१५ नंतर हॉलंडचा राजा पहिला विल्यम याच्या अमलाखाली पंधरा वर्षे तिला सरकारी आश्रय मिळाला खरा. पण १८३० च्या क्रांतीने ती राजवट उलथली, आणि तिच्याबरोबर तो आश्रयही गेला.

नव्या बेल्जियमच्या १८३१ च्या घटनेने भाषेचा वापर ऐच्छिक ठरविला. शब्द उदार होते. व्यवहार निराळा होता. ऐच्छिक म्हणजे अधिकाऱ्याच्या इच्छेवर, असाच त्याचा अर्थ झाला. कायद्यांचा अधिकृत मजकूर फक्त फ्रेंच. न्यायालये, लष्करातील हुकूम, मंत्रालये, माध्यमिक शाळा, विद्यापीठे, सगळीकडे फ्रेंच. मतदानाचा हक्क भरलेल्या करावर अवलंबून असल्यामुळे तो लोकसंख्येतील जेमतेम एक टक्का लोकांना होता, आणि हा वर्ग फ्लेमिश प्रांतांतही फ्रेंच बोलणारा होता. देशातील निम्म्याहून अधिक लोकांची भाषा फ्लेमिश. पण ती मालकाने नोकराशी, धन्याने गाडीवानाशी आणि धर्मोपदेशकाने गावकऱ्यांशी बोलावयाची भाषा होती. ती भाषाच नव्हे, नुसत्या बोलींचे गाठोडे आहे, असे सुशिक्षित मंडळी म्हणत. दुर्दैव असे की, ते खोटे ठरविण्यासाठी हाती धरून दाखवावे असे नवे पुस्तकही फारसे नव्हते.

या परिस्थितीत ३ डिसेंबर १८१२ रोजी अँटवर्पमध्ये हेंड्रिकचा जन्म झाला. भाषेचा तंटा जणू त्याच्या घरातच मांडलेला होता. वडील पिएर कॉन्सिआन्स हे फ्रान्समधील बेझांसाँचे. नेपोलियनच्या आरमारात नोकरी करून ते अँटवर्पच्या बंदरावर अधिकारी म्हणून आले होते. आई कॉर्नेलिया बालिउ ही फ्लेमिश, आणि तिला लिहितावाचता येत नव्हते. मुलाला आडनाव मिळाले तेही फ्रेंच, आणि त्याचा अर्थ सदसद्विवेकबुद्धी. नेपोलियनचे राज्य गेले, फ्रेंच माघारी गेले; पिएर मात्र तेथेच राहिले आणि मोडीत निघालेली जहाजे विकत घेण्याचा धंदा करू लागले. त्यांच्या दुकानात जहाजांच्या जुन्या सामानाबरोबर कोणी घेत नसलेल्या पुस्तकांचे ढीगही येऊन पडत. प्रकृतीने अशक्त असलेल्या हेंड्रिकचे बालपण या फाटक्या, धुळकट पुस्तकांत गेले. १८२० साली आई वारली. काही वर्षांनी वडिलांनी दुसरे लग्न केले आणि ते शहर सोडून केम्पेनच्या वैराण, वालुकामय मुलखाकडे राहावयास गेले. त्या माळरानाची, तेथील गरीब शेतकऱ्यांची आणि त्यांच्या बोलण्याची मुद्रा हेंड्रिकच्या मनावर कायमची उमटली.

कुमारवयात काही काळ त्याने शाळेत शिकविले. १८३० साली क्रांतीचा वणवा पेटताच तो स्वयंसेवक म्हणून नव्या बेल्जियन सैन्यात दाखल झाला व १८३६ पर्यंत तेथे राहिला. बराकीत त्याच्या सोबतीला खेड्यापाड्यांतून आलेले फ्लेमिश तरुण होते. हुकूम फ्रेंचमध्ये सुटत. गाऱ्हाणी, थट्टा, घरची आठवण मात्र फ्लेमिशमध्ये. कॉन्सिआन्स त्या वेळी कविता करीत असे, आणि त्या फ्रेंचमध्ये करीत असे. यात आश्चर्य नाही. लिहावयाचे ते फ्रेंचमध्ये, हा त्या काळचा अलिखित नियमच होता. पण आईची भाषा आपल्याला काही निराळ्याच ठिकाणी स्पर्श करते, तिच्यात एक रांगडे सामर्थ्य आहे, ही जाणीव त्याच्या मनात त्या वर्षांत वाढत गेली.

सैन्यातून परतल्यावर सोळाव्या शतकातील इटालियन लेखक ग्विच्चार्दिनी याचे नेदरलँड्सचे वर्णन त्याच्या वाचनात आले. १५६६ साली स्पॅनिश सत्तेविरुद्ध उसळलेल्या धामधुमीचा विषय त्याने घेतला आणि १८३७ मध्ये ‘इन्‌ ट वोंडरयार’, म्हणजे ‘अद्भुत वर्षात’, ही कादंबरी प्रसिद्ध केली. ती फ्लेमिशमध्ये होती. मुलाने पुस्तक लिहिले याचा आनंद होण्याऐवजी, ते नोकराचाकरांच्या भाषेत लिहिले याचा वडिलांना संताप आला, आणि पंचविशीच्या आत असलेल्या हेंड्रिकला घर सोडावे लागले. अंगावरच्या कपड्यांखेरीज फारसे काही जवळ नसताना तो अँटवर्पला आला. पिएर कॉन्सिआन्स हे काही दुष्ट गृहस्थ नव्हते. फ्रेंच येत असताना फ्लेमिशमध्ये लिहिणे म्हणजे हातची शिडी लाथेने दूर लोटणे, असे त्या काळच्या कोणत्याही व्यवहारी बापाला वाटले असते. ही समजूत सर्वत्र पसरलेली होती म्हणूनच तिच्याविरुद्ध जाणे अवघड होते. परकी भाषा लादणाऱ्याशी झगडता येते. स्वभाषेची लाज वाटणाऱ्या आप्तांशी कसे झगडावे?

सुदैवाने अँटवर्पमध्ये तरुण लेखकांचे व चित्रकारांचे एक वर्तुळ जमले होते. चित्रकार गुस्ताफ वापर्स याने कॉन्सिआन्सला आधार दिला आणि राजे पहिले लिओपोल्ड यांच्याशी त्याची भेट घडवून आणली. पुढच्याच वर्षी, १८३८ मध्ये, त्याची ‘द लेऊव फान फ्लांडेरेन’ म्हणजे ‘फ्लँडर्सचा सिंह’ ही कादंबरी आली, आणि फ्लेमिश समाजाच्या आयुष्यात एक नवी गोष्ट घडली.

तिचा विषय चौदाव्या शतकाच्या आरंभीचा. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने फ्लँडर्स आपल्या ताब्यात घेतले होते. १८ मे १३०२ रोजी पहाटे ब्रुग्जच्या नागरिकांनी शहरातील फ्रेंच शिबंदीवर हल्ला केला. परंपरा सांगते की, शत्रू कोण आणि आपला कोण हे ओळखण्यासाठी बंडवाले समोरच्याला दोन फ्लेमिश शब्द उच्चारावयास लावीत. फ्रेंच जिभेला ते नीट म्हणता येत नसत. पुढे ११ जुलै रोजी कोर्त्रैक शहराबाहेर फ्रान्सचे चिलखती घोडदळ आणि फ्लेमिश गावांतले विणकर, खाटीक, शेतकरी यांची पायदळ फौज समोरासमोर आली. ओढे व दलदल यांत घोडदळ फसले, आणि लांब भाले व जड सोटे घेऊन उभ्या राहिलेल्या पायदळाने त्या काळच्या युरोपला अशक्य वाटणारा विजय मिळविला. फ्रेंच सेनापती रॉबेर द आर्त्वा मारला गेला. पडलेल्या सरदारांच्या टाचांना लावलेल्या सोनेरी आऱ्या, सुमारे ५००, गोळा करून कोर्त्रैकच्या चर्चमध्ये टांगण्यात आल्या. म्हणून या लढाईला ‘सोनेरी आऱ्यांची लढाई’ असे नाव पडले.

कॉन्सिआन्सने या कथेचे नायक केले ते विणकर पीटर द कोनिंक आणि खाटीक यान ब्रेडेल यांना. यातच त्याच्या कादंबरीचे मर्म आहे. ज्यांची भाषा अडाण्यांची म्हणून हिणवली जात होती, त्यांना एका पुस्तकाने सांगितले की, तुमच्यासारखेच हातावर पोट असलेले लोक एकदा राजाच्या सरदारांपुढे ठाम उभे राहिले होते. आणि हे त्याने त्यांच्याच भाषेत सांगितले. पुढे १८८७ मध्ये ब्रुग्जच्या बाजारचौकात या दोघांचा पुतळा उभारण्यात आला, त्यामागे इतिहासग्रंथांपेक्षा या कादंबरीची प्रेरणा मोठी होती.

इतिहास म्हणून पाहू गेल्यास या कादंबरीत अनेक दोष आढळतील. जिच्या नावाने ती ओळखली जाते तो ‘सिंह’, रोबेर्त फान बेथुन, लढाईच्या दिवशी फ्रान्समध्ये कैदेत होता. कादंबरीत मात्र तो सोनेरी चिलखत घालून ऐन रणात अवतरतो. शिवाय त्या संघर्षाला भाषेचा लढा म्हणणेही कठीण आहे. फ्लँडर्सच्या बाजूने लढणाऱ्या उमरावांत फ्रेंच बोलणारे होते, आणि खुद्द फ्लँडर्समध्ये राजाचा पक्ष घेणारा मोठा गट होता. विजयाचे फळही पुरते हाती लागले नाही. १३०५ च्या तहाने फ्लँडर्सवर जबर दंड बसला, आणि १३८२ मध्ये फ्रेंचांनी त्या आऱ्या परत नेल्या. कॉन्सिआन्सने भूतकाळाला आपल्या काळचा प्रश्न विचारला आणि उत्तरही आपल्या काळचेच काढून घेतले. त्याची शैली भाबडी आहे, पात्रे एकरंगी आहेत, अश्रू वारंवार वाहतात, असे पुढील पिढ्यांतील टीकाकारांनी म्हटले व ते खोटे नाही. धर्मसत्तेचा रोष पत्करून पुस्तक शाळांत व गावच्या वाचनालयांत पोहोचणार नाही हे जाणून त्याने ‘अद्भुत वर्षा’चे नंतर कॅथलिक मताला रुचेल असे पुनर्लेखन केले, हाही त्याच्यावरील एक आक्षेप आहे.

तथापि या आक्षेपांतूनच त्याचा हेतू स्पष्ट होतो. त्याला आधी वाचक हवा होता. यान फ्रान्स विलेम्स यांच्यासारखे विद्वान जुन्या ग्रंथांचे संशोधन करीत होते, मध्ययुगीन काव्ये प्रकाशात आणीत होते. त्यांना फ्लेमिश चळवळीचे जनक म्हणतात ते योग्यच आहे. १८४० मध्ये शासनाकडे भाषाविषयक अर्ज गेले. १८४४ मध्ये राजाज्ञेने शुद्धलेखन निश्चित झाले व १८६४ मध्ये हॉलंडशी समान लेखनपद्धती स्वीकारली गेली. ही सारी कामे आवश्यकच होती. परंतु संशोधन विद्वानासाठी असते, अर्ज मंत्र्यासाठी असतो. संध्याकाळी चुलीपाशी बसून एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे असे त्यांत काही नसते. ती उणीव कॉन्सिआन्सने भरून काढली. ज्या समाजात मोठा वर्ग निरक्षर होता, तेथे पुढे काय झाले हे स्वतः वाचून पाहण्याची ओढ त्याने लावली. वाचायला शिकविणे ते हेच.

केवळ इतिहासावर त्याचे भागले नाही. १८५० साली आलेल्या ‘द लोटेलिंग’ या कथेत केम्पेनमधील एक गरीब मुलगा सैन्यात भरती होतो, बराकीतील नेत्ररोगाने आंधळा होतो, आणि त्याच्यावर प्रेम करणारी खेड्यातली मुलगी दूरवर पायी जाऊन त्याला घरी घेऊन येते. त्याच वर्षीच्या ‘बास गान्सेन्डोंक’ या कथेत श्रीमंती व फ्रेंच रीतभात यांचे सोंग आणणाऱ्या एका खानावळवाल्याच्या हव्यासापायी त्याच्या मुलीच्या जन्माचे मातेरे होते. त्याची पुस्तके जर्मन, इंग्रजी, फ्रेंच इत्यादी भाषांत गेली. नोकराचाकरांची म्हणून गणलेल्या भाषेतून युरोपच्या मोठ्या भाषांनी अनुवाद करून घ्यावेत, हे त्या भाषेच्या प्रतिष्ठेचे मोठेच प्रमाणपत्र होते.

लेखणीवर मात्र पोट भरत नव्हते. काही दिवस त्याने रोपवाटिकेत बागकाम केले. १८४१ पासून १८५४ पर्यंत अँटवर्पच्या कलाविद्यालयात तो सचिव होता. १८५७ मध्ये त्याची कोर्त्रैक येथे जिल्हा प्रशासक म्हणून नेमणूक झाली, ज्या शहराबाहेरील लढाईने त्याला कीर्ती दिली त्याच शहरी. अकरा वर्षे त्याने तेथे सरकारी कागदपत्रे हातावेगळी केली, आणि १८६८ मध्ये तो ब्रसेल्समधील वीर्ट्झ संग्रहालयाचा व्यवस्थापक झाला. राज्यकारभाराची भाषा आणि लोकांची भाषा यांतील दरी ज्या खुर्चीवरून सर्वात जवळून दिसते, त्या खुर्चीवर तो स्वतः बसला होता.

ती दरी किती खोल होती, हे १८६० मधील एका घटनेने दाखविले. वॅलून प्रदेशात कामासाठी गेलेले कौके आणि गुटाल्स हे दोन फ्लेमिश मजूर खुनाच्या आरोपाखाली पकडले गेले. खटला फ्रेंचमध्ये चालला. ती भाषा त्यांना धड येत नव्हती. दोघांचाही शिरच्छेद झाला. ते निर्दोष होते की नाही याविषयी पुढे पुष्कळ वाद झाला. पण माणसाला मृत्यूची शिक्षा सुनावताना ती त्याला समजेल अशा भाषेत तरी सुनवावी, याबद्दल वाद होण्याचे कारण नव्हते. तरीही फ्लेमिश प्रांतांतील फौजदारी न्यायालयांत फ्लेमिशला स्थान देणारा कायदा व्हावयास १८७३ साल उजाडावे लागले. १८७८ मध्ये प्रशासनासंबंधी व १८८३ मध्ये माध्यमिक शिक्षणासंबंधी कायदे झाले. १८९८ च्या कायद्याने दोन्ही भाषांतील कायद्यांना समान अधिकृतता मिळाली. घेंटच्या विद्यापीठात डच हीच अध्यापनाची भाषा होण्यास १९३० पर्यंत थांबावे लागले, आणि घटनेच्या डच मजकुराला फ्रेंच मजकुराइतकाच अधिकार मिळाला तो १९६७ मध्ये. या साऱ्या कायद्यांच्या मागे मते मागणारा, सभा भरविणारा, वर्तमानपत्र वाचणारा एक समाज उभा होता. त्या समाजाच्या आजोबांच्या हाती पहिले पुस्तक ठेवले ते बहुधा कॉन्सिआन्सने.

१८८१ साली त्याच्या शंभराव्या पुस्तकाचा समारंभ ब्रसेल्समध्ये थाटाने झाला. १८८३ च्या ऑगस्टमध्ये अँटवर्पमधील पुतळ्याचे अनावरण झाले. जिवंतपणी लेखकाचा पुतळा उभारला जाण्याचा हा योग विरळा. परंतु आजारपणामुळे त्याला समारंभास जाता आले नाही. १० सप्टेंबर १८८३ रोजी त्याचे निधन झाले. ११ जुलै हा दिवस १९७३ पासून फ्लेमिश समाजाचा अधिकृत उत्सवदिन आहे. हेही सांगितले पाहिजे की, सिंहाचे ते चिन्ह पुढे सगळ्यांनीच काही चांगल्या कामासाठी वापरले नाही. दुसऱ्या महायुद्धात नाझींशी हातमिळवणी करणाऱ्या फ्लेमिश राष्ट्रवाद्यांनीही तेच मिरविले. स्वभाषेचे प्रेम आणि परभाषिकाचा द्वेष यांमधली सीमा पुसट होऊ देण्याची किंमत त्या समाजाने मोजली आहे.

त्याच भाषाप्रेमाचा एक निराळा, निर्मळ ओघ भारतापर्यंत येऊन पोहोचला. १९०९ साली पश्चिम फ्लँडर्समधील राम्सकापेल येथे जन्मलेले कामिल बुल्के विद्यार्थिदशेत फ्लेमिश चळवळीच्या वातावरणात वाढले व १९३५ मध्ये जेझुइट धर्मोपदेशक म्हणून भारतात आले. येथील सुशिक्षितांना स्वभाषेपेक्षा इंग्रजीचा अधिक अभिमान वाटतो हे पाहून त्यांना आपलाच देश आठवला. त्यांनी हिंदी, अवधी व संस्कृत यांचा अभ्यास केला. अलाहाबाद विद्यापीठात त्या वेळी प्रबंध इंग्रजीत लिहिण्याची पद्धत होती. बुल्के यांनी रामकथेच्या उगमावरील व विकासावरील आपला प्रबंध हिंदीत लिहिण्याचा आग्रह धरला आणि तो मान्य करून घेतला. १९५० मध्ये तो ग्रंथरूपाने आला. १९६८ मध्ये त्यांचा इंग्रजी-हिंदी कोश प्रसिद्ध झाला, १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला, आणि १९८२ मध्ये दिल्लीत त्यांचा देहान्त झाला. आपल्या आईच्या भाषेचा अपमान ज्याला कळला होता, त्याला दुसऱ्याच्या आईच्या भाषेचा मानही कळला.

कॉन्सिआन्सच्या कादंबऱ्या आज बेल्जियममध्येही फारशा आवडीने वाचल्या जात नाहीत. त्यांची भाषा जुनी झाली, त्यांतील अश्रू वाळले. पण त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. ज्याने लोकांना वाचायला शिकविले, त्याच्यापुढे जाऊन त्या लोकांनी अधिक चांगले वाचावे, अधिक चांगले लिहावे, हेच त्याच्या कामाचे साफल्य होय. लिहितावाचता न येणाऱ्या कॉर्नेलिया बालिउच्या भाषेत आज कायदे होतात, न्यायनिवाडे होतात, विद्यापीठांत व्याख्याने होतात; आणि ज्या भाषेत पुस्तक लिहिले म्हणून मुलाला घर सोडावे लागले, त्या भाषेतील पुस्तकांनी भरलेल्या ग्रंथालयावर त्याच मुलाचे फ्रेंच आडनाव कोरलेले आहे.